कर्ता कोण? : प्रयोगविचार आणि आपले लेखन

इंग्रजी व्याकरणातील अ‍ॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह व्हॉईस हा विषय आमच्या वऱ्हाडातील विद्यार्थ्याला माध्यमिक शाळेत भेटतो आणि दहावीच्या परीक्षेनंतर बहुधा कायमचा सोडून जातो. वाक्य दिलेले असते, त्याखाली व्हॉईस बदलण्याची सूचना असते. कर्म उचलून आरंभी ठेवावे, क्रियापदाचे तिसरे रूप लिहावे, 'बाय' लावून कर्त्यास शेवटी बसवावे, म्हणजे गुण पदरात पडतात. अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील विहारांतून सायंकाळी जे अभ्यासवर्ग चालतात, त्यांतही हा पाठ याच रीतीने घेतला जातो. आम्हीही तो असाच शिकलो आणि पुढे असाच शिकविला.

या पाठाचा हेतू परीक्षेपुरता मर्यादित नाही, असे आमचे मत आहे. वाक्यातील क्रिया कोणी केली, ती कोणावर झाली आणि या दोहोंपैकी कोणास बोलणारा पुढे आणतो, हा प्रयोगविचाराचा गाभा आहे. ज्या समाजाचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला आणि जो समाज १९५६ पासून आपला इतिहास स्वतः लिहू लागला, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. प्रस्तुत लेखात प्रथम या पाठातील एक रूढ गैरसमज दूर करून, नंतर त्याच कसोटीवर कायद्याची भाषा, आपली नावे आणि आपले स्वतःचे लेखन तपासण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कर्मणी म्हणजे पॅसिव्ह काय?

वर्गात सर्रास सांगितले जाते की कर्तरी प्रयोग म्हणजे अ‍ॅक्टिव्ह व्हॉईस आणि कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह व्हॉईस. हे समीकरण चुकीचे आहे आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचा गोंधळ मुख्यतः येथूनच सुरू होतो.

'आनंद गाथा म्हणतो' या वाक्यात क्रियापद आनंदाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणून हा कर्तरी प्रयोग. 'आनंदाने गाथा म्हटली' या वाक्यात क्रियापद 'गाथा' या स्त्रीलिंगी कर्माप्रमाणे चालते, म्हणून हा कर्मणी प्रयोग. परंतु या दोन्ही वाक्यांचे सरळ इंग्रजी भाषांतर अ‍ॅक्टिव्ह व्हॉईसमध्येच होते. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारे मराठी वाक्य तिसरेच आहे : 'आनंदाकडून गाथा म्हटली गेली.' या रचनेस आमचे वैयाकरण नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. 'आनंदाने मुलांना शिकविले' या चौथ्या वाक्यात क्रियापद कर्त्याप्रमाणेही चालत नाही आणि कर्माप्रमाणेही चालत नाही. त्या भावे प्रयोगास इंग्रजीत जोडीदारच नाही.

याचे कारण असे की मराठीचे प्रयोग क्रियापद कोणाशी जुळते हे सांगतात, तर इंग्रजीचा व्हॉईस वाक्याच्या अग्रभागी कोणास बसविले हे सांगतो. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली आले आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. या परंपरेत प्रयोगांची चर्चा विस्ताराने झालेली आहे. तरीही भाषांतराचा पाठ घेताना शिक्षक ती बाजूस ठेवतो व दोन भाषांच्या दोन निरनिराळ्या व्यवस्थांना एकच लेबल चिकटवितो. मराठी सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ बहुतांशी कर्मणी किंवा भावे असतो. तो पॅसिव्ह मानला, तर मराठी माणसाने काल केलेली बहुतेक कामे त्याने केलीच नाहीत असे म्हणावे लागेल!

या ठिकाणी आपल्या बोलीचे साहाय्य घेता येते. प्रमाण मराठीत 'मी गाथा म्हणतो' आणि 'मी गाथा म्हटली' या दोन्ही वाक्यांत 'मी' सारखाच दिसतो, त्यामुळे प्रयोग बदलल्याची खूण लोपते. वऱ्हाडातील जुनी माणसे मात्र 'म्या म्हटलं', 'म्या पायलं' असे म्हणत आली आहेत. हे 'म्या' म्हणजे जुन्या मराठीतील 'म्यां' आणि त्यामागे संस्कृतातील 'मया' व प्राकृतातील 'मए' यांची परंपरा आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी ज्यांचे नाते आहे, त्या महानुभावांच्या जुन्या गद्यातही 'म्यां' भेटते. ज्या रूपास शाळेत अशुद्ध म्हणून हसले जाते, ते प्रत्यक्षात व्याकरणाचा अधिक सूक्ष्म भेद सांभाळणारे रूप आहे. खेड्यातून आलेल्या मुलामुलींना ही गोष्ट शिक्षकाने आवर्जून सांगितली पाहिजे.

पालि अभ्यासकाला तर हा भेद सुत्ताच्या पहिल्याच ओळीत भेटतो. तेथे 'मे' आणि 'सुतं' हे दोन शब्द आहेत. 'सुतं' म्हणजे ऐकलेले, हे कर्मणी भूतकालवाचक विशेषण आहे. 'मे' या शब्दाचा तृतीयेचा 'मया' आणि षष्ठीचा 'मम' हे दोन्ही अर्थ येथे जुळतात, असे अट्ठकथाकार सांगतात. पहिला अर्थ घेतला तर हे वाक्य आमच्या 'म्या ऐकलं'चे सख्खे पूर्वज ठरते. इंग्रजी भाषांतरकार त्याचे अ‍ॅक्टिव्ह वाक्य करतात आणि त्यात गैर काही नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. हे वाक्य कर्मणी असूनही त्यात कर्ता लपलेला नाही. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंद उपदेशाचे श्रेय स्वतःकडे घेत नाही, पण ऐकल्याची जबाबदारी मात्र नाकारत नाही. तो साक्षीदार म्हणून उभा राहतो. म्हणजे कर्मणी प्रयोग हा मुळात लपवाछपवीचा प्रयोग नव्हे. लपविणे हे प्रयोग करीत नसतो, बोलणारा करतो.

'झाले' या क्रियापदाचे राजकारण

इंग्रजी लेखनाची शिकवणी देणारी पुस्तके बहुधा सांगतात की पॅसिव्ह टाळावे. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ च्या राजकारण व इंग्रजी भाषा या विषयावरील प्रसिद्ध निबंधात हाच सल्ला दिला होता. राज्यकर्त्यांची भाषा कर्त्यास पडद्याआड ढकलून हिंसेचे वर्णन करते, हे त्यांचे निरीक्षण आजही खरे आहे. पण त्यांचा नियम जसाच्या तसा मराठीला लावता येत नाही, कारण मराठीत कर्ता लपविण्याचे सर्वांत सोयीचे साधन पॅसिव्ह नाहीच.

एक उदाहरण पाहू. १९७४ साली अकोला जिल्ह्यातील ढाकळी या गावी दोन दलित भावांचे डोळे काढण्यात आले. दलित पँथरने हे प्रकरण देशासमोर मांडले आणि त्याची आठवण वऱ्हाडात आजही ताजी आहे. आम्ही हे वाक्य जाणूनबुजून रूढ पद्धतीने लिहिले आहे. वाचकाने ते पुन्हा वाचावे. यात गाव आहे, साल आहे, दोन भाऊ आहेत, त्यांचे डोळेही आहेत. ज्या हातांनी ते काढले, ते हात मात्र वाक्यात नाहीत. 'काढण्यात आले' या सोयीने ते वाक्यातून निसटले. ही घटना ज्यांना मुखोद्गत आहे, अशा आमच्यातील अनेकांना पीडितांचे आडनाव आठवते, पण अपराध्याचे आठवत नाही. स्मृतीची ही रचना पुष्कळ अंशी वाक्याच्या रचनेने घडविली आहे.

आता याहून पुढची पायरी पाहावी : 'ढाकळी येथे अत्याचार झाला.' हे वाक्य पॅसिव्ह नाही. व्याकरणदृष्ट्या तो शुद्ध अकर्मक कर्तरी प्रयोग आहे आणि त्यातील कर्ता आहे 'अत्याचार'! पाऊस झाला, उन्हाळा झाला, तसा अत्याचार झाला. 'करण्यात आले' या रचनेत निदान 'कोणाकडून?' हा प्रश्न विचारण्यास जागा तरी राहते. 'झाला' या क्रियापदाने ती जागाही बुजविली जाते. वर्तमानपत्रांतील 'तणाव निर्माण झाला', 'दोन गटांत वाद उद्भवला', 'गावात अनुचित प्रकार घडला' ही सर्व वाक्ये व्याकरणाच्या परीक्षेत अ‍ॅक्टिव्ह म्हणूनच उत्तीर्ण होतील. म्हणून विद्यार्थ्यास 'पॅसिव्ह टाळा' असे सांगण्याऐवजी 'कर्ता शोधा' असे सांगणे अधिक उपयुक्त आहे. याच कुळात आणखी एक वाक्य मोडते : 'दारिद्र्य वाट्याला आले.' येथे प्रारब्धाने कर्त्याची जागा घेतली आहे आणि ज्या व्यवस्थेने जमीन, पाणी व विद्या हिरावून घेतली, ती निर्दोष सुटली आहे.

कागदावरचे आणि तळ्यावरचे

लपतो तो नेहमी अपराधीच असतो असे नाही. कित्येकदा या रचनांत आपले कर्तृत्वही लुप्त होते.

सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयीचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला आणि महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. या ठरावांची भाषा 'मुभा देण्यात यावी', 'खुले करण्यात यावे' या वळणाची आहे. या भाषेत अस्पृश्य हे मुभा मिळविणारे आहेत, पाणी पिणारे नाहीत. तळे कागदावर खुले झाले, तरी त्यावर कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसे तळ्यावर गेली व पाणी प्याली. 'तळे खुले करण्यात आले' आणि 'आम्ही पाणी प्यालो' या दोन वाक्यांमधील अंतर सुमारे तीन वर्षांचे आहे. व्हॉईसचा धडा शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमरावतीस बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह तिच्या विचाराचा प्रमुख विषय होता. तथापि मंदिरप्रवेशाच्या इतिहासाविषयी जे सर्वसाधारण लेखन आढळते, त्यात 'अस्पृश्यांसाठी मंदिरे खुली करण्यात आली' हे वाक्य वारंवार येते. असे वाक्य वाचणाऱ्याच्या मनात दार उघडणारा उदार विश्वस्त उभा राहतो. दाराशी उभे राहून हक्क मागणारी माणसे त्याला दिसत नाहीत. आम्ही मंदिर मागितले ते देवासाठी नव्हे, माणुसकीच्या समान हक्कासाठी, हे बाबासाहेबांनी पुढे स्पष्ट केले आणि अखेर ते दारच मागे टाकले. पण मागणारा कोण होता, एवढे तरी वाक्यात राहिले पाहिजे.

संविधानाची वाक्यरचना

येथवर वाचून वाचकाचा असा समज होईल की पॅसिव्ह ही शोषकांची भाषा आहे. तो समज संविधान वाचताच गळून पडतो.

अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो. मूळ इंग्रजीत तो पॅसिव्हमध्ये आहे व मराठीतही 'करण्यात आली आहे' असाच आहे. अस्पृश्यता कोणी नष्ट केली, हे त्या अनुच्छेदात नाही. मग येथेही कर्ता लपविला आहे काय? नाही. त्याचा कर्ता उद्देशिकेत आहे. 'आम्ही भारताचे लोक' हा त्या संपूर्ण ग्रंथाचा कर्ता असून त्याची क्रियापदे इंग्रजीत उघड अ‍ॅक्टिव्ह आहेत : अंगीकार करणे, अधिनियमित करणे आणि स्वतःप्रत अर्पण करणे. एकदा कर्त्याने आपले नाव ग्रंथाच्या दारावर लिहिले की आतल्या प्रत्येक वाक्यात ते पुन्हा लिहिण्याची आवश्यकता राहत नाही.

याहूनही विचारात घेण्याजोगी गोष्ट अनुच्छेद १५ मध्ये आहे. त्याच्या पहिल्या खंडाचा कर्ता 'राज्य' आहे : राज्याने नागरिकांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेद करावयाचा नाही. दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा उल्लेख येतो आणि तेथे 'राज्य' हा कर्ता नाहीसा होतो. कोणताही नागरिक निर्योग्यतेच्या अधीन असणार नाही, असा त्याचा आशय आहे. निर्योग्यता लादणारा कोण, याचे नाव तेथे नाही आणि त्यामुळे कोणासही पळवाट उरत नाही. पहिल्या खंडातील कर्ता येथेही ठेवला असता, तर दुकानदार म्हणाला असता, 'मी राज्य नाही.' कर्त्याची जागा मोकळी ठेवल्याने दुकानदार, विहिरीचा मालक, गावचा पाटील हे सर्व त्या वाक्याच्या कक्षेत आले. अनुच्छेद १७, २३ व २४ यांची रचनाही अशीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, हे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात असे स्पष्ट केले. ज्या समाजाने तळ्याचा अनुभव घेतला होता, त्याच्या नेत्याच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या मसुद्यात 'तलाव' हा शब्द असावा आणि त्याभोवतीची वाक्यरचना इतकी जागरूक असावी, याचे आम्हांस आश्चर्य वाटत नाही.

शिक्षेचा कायदा मात्र निराळ्या प्रयोगात बोलतो. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, ज्यास १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले, आणि १९८९ चा अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम यांची अपराध सांगणारी वाक्ये 'जो कोणी' या शब्दांनी सुरू होतात. १९८९ च्या अधिनियमाच्या कलम ३ मध्ये हा 'जो कोणी' स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला असावा लागतो. कर्ता वाक्याच्या अग्रभागी आहे आणि त्याची ओळखही सांगितली आहे. हक्क देताना कर्त्याची जागा मोकळी सोडावी, अपराध सांगताना ती भरावी, असा हा विवेक आहे. फिर्याद लिहिणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी तो अंगी बाणविला पाहिजे. 'मारहाण झाली' असे लिहून दिलेल्या अर्जापेक्षा 'अमुक माणसाने अमुक ठिकाणी, अमुक शब्द उच्चारून मारले' असे लिहून दिलेला अर्ज कायद्याच्या 'जो कोणी'शी थेट जाऊन भिडतो.

नावांतील प्रयोग

वाक्यात जसा प्रयोग असतो तसा तो शब्दाच्या पोटातही असतो. आमच्या समाजास वेळोवेळी मिळालेली नावे या दृष्टीने पाहावीत. 'अस्पृश्य' म्हणजे ज्यास स्पर्श करू नये असा. स्पर्श न करणारा त्या शब्दाबाहेर सुरक्षित उभा आहे. 'बहिष्कृत' म्हणजे बाहेर काढलेला, 'दलित' म्हणजे दडपलेला, चिरडलेला. इंग्रजी राजवटीतील 'डिप्रेस्ड' व 'शेड्यूल्ड' ही विशेषणेही त्याच कर्मणी घडणीची आहेत, आणि 'अनुसूचित' हा त्यांपैकी दुसऱ्याचा मराठी अवतार. प्रत्येक नावात क्रिया दुसऱ्याची आहे, भोग आपला आहे.

बाबासाहेबांचे संशोधन या विशेषणांमागील कर्ता शोधणारे संशोधन होते, असे आम्ही म्हणतो. शूद्र कोण होते हे १९४६ च्या ग्रंथात विचारताना ते शूद्रांचे उपनयन कोणी नाकारले हे सांगतात. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात 'ब्रोकन मेन' ही संकल्पना येते. तीही कर्मणी विशेषणानेच घडलेली आहे, परंतु बाबासाहेब तेथे थांबत नाहीत. ही माणसे कोणत्या लढ्यांत फुटली, त्यांच्याविषयीचा तिरस्कार कोणी पसरविला, बौद्ध असल्याचा आणि गोमांसभक्षणाचा त्याच्याशी काय संबंध होता, असे प्रश्न ते एकामागून एक विचारतात. त्यांच्या सिद्धांताशी मतभेद असणारा अभ्यासकही एवढे मान्य करील की 'झाले' या उत्तरावर ते समाधान मानीत नाहीत.

आता त्यांच्या नियतकालिकांची नावे पाहा. १९२७ साली त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढले आणि १९५६ च्या फेब्रुवारीत 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. 'बहिष्कृत' व 'प्रबुद्ध' या दोन्ही शब्दांच्या अंती भूतकालवाचक एकच प्रत्यय आहे. पहिल्यात तो कर्मणी आहे : बाहेर काढलेला. दुसऱ्यात 'बुध्' हा धातू जागणे या अकर्मक अर्थाने येत असल्याने तोच प्रत्यय कर्तरी होतो : जागलेला. 'बुद्ध' या नावाची घडणही तीच. पालि निद्देसात या नावाचे स्पष्टीकरण सत्ये जाणणारा आणि प्रजेला जाणीव करून देणारा, असे दोन्ही अंगांनी कर्तृवाचकच दिले आहे. २९ वर्षांत प्रत्यय तोच राहिला आणि प्रयोग बदलला. धर्मांतराचा अर्थ व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचा झाल्यास आम्ही तो एवढ्यातच सांगू.

दीक्षा दिली, घेतली की देण्यात आली?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर स्वतः जनसमुदायास दीक्षा दिली. या घटनेविषयी तीन वाक्ये प्रचलित आहेत : 'बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली', 'लाखो लोकांनी दीक्षा घेतली' आणि 'लाखो लोकांना दीक्षा देण्यात आली'. पहिले वाक्य सत्य आहे, दुसरेही तितकेच सत्य आहे. तिसऱ्या वाक्यात मात्र देणारा नाही आणि घेणाऱ्यास 'ना' प्रत्यय लावून बाजूस बसविलेले आहे. खेदाची गोष्ट ही की आमच्या स्मरणिकांत, संस्थांच्या वार्षिक अहवालांत आणि अशा नियतकालिकांतही हेच तिसरे वाक्य सर्वाधिक आढळते. शासकीय अहवालाची भाषा प्रतिष्ठेची वाटून आपण ती उचलली आहे. 'विहार बांधण्यात आले', 'वर्षावास साजरा करण्यात आला', 'ग्रंथालय सुरू करण्यात आले.' ज्या बायामाणसांनी कापूस वेचणीच्या मजुरीतून वर्गणी दिली आणि सुटीच्या दिवशी विटा वाहिल्या, त्यांस या वाक्यांत जागा नाही. दुसऱ्यांनी आमचा इतिहास पुसला याची तक्रार आपण करतो, आणि आपल्याच अहवालात आपल्याच हातांनी आपलेच कर्ते पुसतो. आमच्या स्वतःच्या जुन्या लेखांतही हा दोष आहे, हे आम्ही मान्य करतो.

नवल असे की विहारात आपण जे नित्य म्हणतो ते याच्या अगदी उलट आहे. तिसरणातील क्रियापद 'गच्छामि' आणि पंचशीलातील 'समादियामि', दोन्ही वर्तमानकाळी, उत्तमपुरुषी, एकवचनी आणि कर्तरी आहेत. शील ही वरून आलेली आज्ञा नाही. 'तू हे करू नकोस' असे तेथे कोणी म्हणत नाही, 'मी हे शिक्षापद स्वीकारतो' असे उपासक स्वतः म्हणतो. बावीस प्रतिज्ञाही 'मी' या कर्त्याच्याच आहेत. ज्या तोंडाने सकाळी 'समादियामि' म्हटले, त्याच हाताने सायंकाळी 'शील ग्रहण करण्यात आले' असे लिहावे, ही विसंगती आपल्या ध्यानात कशी येत नाही?

अनात्म आणि कर्ता

येथे एक आक्षेप संभवतो व तो टाळणे योग्य होणार नाही. तथागतांनी आत्मा नाकारला. विसुद्धिमग्गात तर क्रिया आहे पण कारक सापडत नाही, अशा आशयाचे विवेचन आहे. मग बौद्धांनी कर्त्याचा एवढा आग्रह धरावा काय? कर्ता नसलेले वाक्यच धम्माच्या अधिक निकट नाही काय?

आमच्या मते हा आक्षेप दोन गोष्टींची गल्लत करतो. नित्य, अविकारी असा आत्मा नाकारणे ही एक गोष्ट आणि केलेल्या कर्माची जबाबदारी नाकारणे ही दुसरी. दुसरी गोष्ट पूरण कस्सपाच्या अक्रियवादाची आहे व तिचा तथागतांनी विरोध केला. अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात एक ब्राह्मण येऊन म्हणतो की स्वतः करणारा कोणी नाही आणि दुसरा करणाराही कोणी नाही. त्यावर तथागत तत्त्वज्ञानाचा काथ्याकूट करीत नाहीत. जो स्वतःच्या पायांनी पुढे येतो आणि मागे जातो, तो असे कसे म्हणू शकेल, असा साधा प्रश्न ते विचारतात. व्यवहारात आरंभ करणारा असतो, प्रयत्न करणारा असतो, म्हणूनच मार्ग सांगता येतो. बाबासाहेबांनीही 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, आजच्या दुःखाचा बोजा गतजन्मीच्या कर्मावर टाकणारी कल्पना नाकारली. अनात्मवाद हा अपराध्यास आडोसा नाही आणि कार्यकर्त्यास आळसाची सवलतही नाही.

अभ्यासवर्गांसाठी

या विवेचनातून विहारांतील वर्ग चालविणाऱ्यांस आम्ही काही गोष्टी सुचवू इच्छितो. व्हॉईसचा पाठ घेताना मराठी प्रयोग आणि इंग्रजी व्हॉईस यांची समीकरणे फळ्यावर लिहू नयेत. दोन्ही व्यवस्था वेगळ्या मांडाव्यात आणि 'म्या' या आपल्या रूपाचा अभिमानाने उपयोग करावा. रामरावणाच्या ठरीव वाक्यांऐवजी महाडचे तळे, संविधानाचा अनुच्छेद १५ आणि तिसरण ही उदाहरणे घ्यावीत. विद्यार्थ्यास व्हॉईस बदलण्यास सांगावे, पण तेवढ्यावर थांबू नये. बदलल्याने कोण पुढे आले, कोण मागे गेले व कोण दिसेनासे झाले, हे त्यास तोंडी विचारावे. 'बाय'नंतरचा शब्द गाळता येतो असा नियम इंग्रजी व्याकरण सांगते. तो केव्हा गाळावा, याचा निर्णय मात्र लिहिणाऱ्याच्या नीतीचा आहे. कर्ता ठाऊक नसेल, सर्वांस उघड असेल, किंवा अनुच्छेद १५ प्रमाणे सर्वांनाच कक्षेत घ्यावयाचे असेल, तर तो गाळण्यास हरकत नाही. भीतीने, लाचारीने किंवा सवयीने गाळला जात असेल, तर तो लिहिलाच पाहिजे.

आणि यंदाच्या वर्षावासाचा अहवाल लिहिताना सचिवांनी एवढे करून पाहावे. 'करण्यात आले' असे जेथे जेथे लेखणीतून उतरेल, तेथे क्षणभर थांबून कोणी केले ते आठवावे आणि त्या उपासक-उपासिकांची नावे लिहावीत. अहवाल काहीसा लांबेल. परंतु पन्नास वर्षांनंतर तो वाचणाऱ्या मुलास आपल्या आजीचे नाव त्यात सापडेल.